भट्टीवरचा हातगुण

सकाळचा चहा होऊन कपबशा पालथ्या पडल्या की त्या घरात ठोकाठोक सुरू व्हायची. मागच्या अंगणात थोरला मुलगा घण घेऊन जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची लोखंडी कपाटं फोडायचा. मधला तारा सोलायचा. सर्वांत धाकट्याला सगळे शेंडेफळ म्हणत. तो इस्पितळातून मोडीत आलेली यंत्रं उघडायचा आणि यंत्र ज्याच्या छातीला लावलं असेल तो माणूस वाचला असेल की नाही, यावर पैजा लावायचा.

"हा गेला," गंजलेलं झाकण काढत तो म्हणायचा. "आणि हा? हा ठणठणीत बरा झाला, घरी गेला, बायकोशी भांडला, मग गेला."

ओट्यावर बसलेल्या दोघी वहिनी हसायच्या आणि हातातली पक्कड चालवत राहायच्या. कपाटांतून निघणाऱ्या रिलेच्या, म्हणजे फोन जोडणाऱ्या खटक्यांच्या, पट्ट्या पितळेच्या असत. त्यांच्या टोकाला मोहरीएवढा पांढुरका ठिपका असे. तो तेवढा कापून वाटीत टाकायचा आणि उरलेली पट्टी पाटीत. सकाळभर बसलं तरी वाटीचा तळ जेमतेम झाकायचा.

डायल फिरवून फोन लावायचा तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना तारेतून येणारी खटखटही आठवत असेल. ती खटखट या ठिपक्यांची. एक ठिपका दुसऱ्यावर आपटे आणि कुठल्या तरी लांबच्या घरात घंटा वाजे. किती लग्नं जमली आणि किती मरणं कळली त्यांच्या आपटण्यातून! त्या धातूचं नाव पॅलेडियम, पण गल्लीत त्याला कुणी या नावाने ओळखत नसे. सगळे 'पांढरं' म्हणत. सोनारांकडून मोडीचे दागिने येत, त्यांतही पांढरं असायचं. पांढऱ्या सोन्याची अंगठी पांढरी दिसते ती बऱ्याचदा सोन्यात मिसळलेल्या या धातूमुळे. घालणाऱ्या बोटाला ते ठाऊक नसतं.

पांढरं सुटं करायचं काम मागच्या खोलीत चाले. कापलेले ठिपके नाहीतर दागिन्यांचे तुकडे तेजाबात उकळायचे. तांबडा धूर उठायचा आणि पाणी कोऱ्या चहासारखं गडद व्हायचं. ते गाळून, आटवून त्यात नवसागर आणि आणखी एक पूड घातली की विटेच्या रंगाचा साका तळाला बसायचा. तो मुशीत घालून भट्टीत तापवला की राखाडी स्पंजासारखा गोळा हाती यायचा. एका वेळी जेवढा माल उकळायचा त्याला घाणा म्हणत.

लोखंड फोडणं पुरुषांचं आणि घाणा बायकांचा, अशी वाटणी गल्लीतल्या प्रत्येक घरात होती. "स्वयंपाकासारखंच तर आहे. उकळायचं, ढवळायचं, गाळायचं," असं पुरुष म्हणत. त्यातही लेकींना बसवत नसत. लेकींची लग्नं व्हायची असत, तेजाबाने त्यांच्या बोटांना डाग पडून कसं चालेल? बसायचं ते सुनेने. खोलीला एकच खिडकी होती, तिला आतून पत्रा ठोकलेला होता. वास गल्लीत गेला की माल आल्याची बातमी फुटते. एक पंखाही होता. पण तो अंगणात धूर फेकतो आणि पुरुषांच्या डोळ्यांची आग होते म्हणून बंद ठेवलेला.

या सगळ्याच्या वर एक चाल होती, हातगुणाची. नवी सून आली की तिच्या हातून पहिला घाणा करवायचा. पांढरं किती निघतं, त्यावर तिचा हात ठरायचा. भरपूर निघालं तर ओला हात, नाही निघालं तर कोरडा. एकदा ठरलं की ठरलं. हा न्याय मुशीचा मानत आणि त्यावर अपील नव्हतं.

थोरल्या सुनेच्या वाट्याला पहिला घाणा आला तो सोनाराच्या मोडीचा. कुणीतरी स्वस्तात पांढऱ्या केलेल्या अंगठ्या होत्या त्या, निकेल घालून. पाणी चहासारखं झालंच नाही, पोपटासारखं हिरवंगार झालं. तिने नवसागर घातला, ढवळलं, वाट पाहिली. तळाला काही बसेना. सासूने वाकून भांड्यात पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "कोरडी."

तो शब्द थोरलीला नावासारखा चिकटला. तिला मागच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. घाण्याच्या दिवशी तिने त्या दारासमोरून जायचं नाही आणि तिथल्या भांड्यांना हात लावायचा नाही. घरातलं रांधणं, धुणं, पाटी उचलणं तिच्याकडे. जेवायला बसायचं शेवटी. तिला दोन मुलं झाली, दोन्ही धडधाकट, गल्लीभर हुंदडणारी. ते मात्र कुणी तिच्या गुणांत धरलं नाही.

मग मधली आली. ती माहेरची ओळीने पाचवी मुलगी, जिचं नाव ठेवायलाही घरच्यांनी घाई केली नव्हती. तिच्या पहिल्या घाण्याला एक्स्चेंजच्या कपाटांचा माल होता. जुना, दणकट, ठिपक्यांनी भरलेला. साका बसला तो भांड्याच्या निम्म्यापर्यंत. सासूने आपल्या हातांनी तिची ओली बोटं पुसली आणि डोळ्यांना लावली.

"या घराला पुन्हा हात मिळाला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून पहिला चहा मधलीला. पुरुषांच्या पंगतीत मधलीचं ताट. अंगणात शेंडेफळ तिला 'टांकसाळ' म्हणून हाक मारायचा. ती लाजायची, पण एखाद्या दिवशी त्याने तशी हाक मारली नाही तर वळून बघायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिची वाट पाहत होतं.

गरोदर राहिली तेव्हाही ती रोज खोलीत बसत होती. खोकला आधीच लागला होता. आता दुपारी कपडे वाळत घालतानाही तिला मध्येच दोरीला धरून उभं राहावं लागे.

"कधीपासून गं हे?" थोरलीने तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"काही नाही हो. धूळ गेली असेल."

"धूळ? आरशात ओठ बघ स्वतःचे. जांभळे पडलेत. तू आईंना सांग, बाळ होईपर्यंत मी बसत नाही म्हणावं."

मधली ओल्या चादरीच्या आड गेली. थोड्या वेळाने आवाज आला, "जाऊबाई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"तिथं बसते तोवर मी कुणीतरी आहे. उठले की तुमच्यासारखीच."

थोरलीला राग आला नाही. हे खोटं आहे असं तिला म्हणता येईना.

शेवटी तीच सासूपुढे उभी राहिली. जेवणं उरकली होती, पुरुष सुपारी कातरत बसले होते.

"आई, हिला आता घाण्यावर बसवू नका. तो तांबडा धूर पोटातल्या पोराला बाधेल."

"कसला धूर? मला तर काही वास येत नाही."

"तुम्हाला कशाचाच वास येत नाही, आई. परवा दूध करपलं तेव्हा तुम्ही चुलीपाशीच उभ्या होतात."

शेंडेफळ फिसकन हसला आणि मधल्याने त्याच्या पाठीत कोपर मारलं. सासूचा चेहरा आक्रसला. तरुणपणी त्याच खोलीत बसून तिचं नाक गेलं होतं. भाजीत मीठ आहे की नाही हे ती दुसऱ्याला विचारायची. पाच बाळंतपणांतली तीन तिच्या हाती लागली. यातलं काही तिला कधी खोलीशी जोडावंसं वाटलं नव्हतं.

"कोरड्या हाताला ओल्या हाताची पोटदुखी," ती शांतपणे म्हणाली. "मला कळत नाही होय?"

"मला जळकी म्हणा, काहीही म्हणा. खिडकीचा पत्रा तरी काढा."

"वहिनी, वास बाहेर गेला की गल्लीला आमंत्रणच," मधला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोला संत्री आणायचा.

"मग तिच्याऐवजी तुम्ही बसा, भाऊजी."

"मी?" तो खरोखरच चकित झाला. "माझ्या हाताला कुठला आलाय गुण?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. "आत जा," एवढंच म्हणाला.

थोरलीची अडचण ही होती की त्या घरात खरं बोलायला ती एकटीच होती, आणि खरं बोलायचा हक्क ओल्या हातालाच होता.

एक्स्चेंजची कपाटं संपली. मग जो माल येऊ लागला तो नव्या यंत्रांचा. चपट्या हिरव्या पाट्या आणि त्यांवर तांदळाच्या कणीएवढे तुकडे. मधलीच्या भांड्यात साका निम्म्यावरून बोटभर आला आणि बोटभराचा नखभर. त्याच सुमाराला घरी पारखी आला. पांढरं कसाला लावून विकत घेणारा हा माणूस सगळ्या गल्लीला ओळखत होता. गोळा हातात घेताच त्याने मान हलवली.

"आई, आता कारखानेवाले शहाणे झाले. पांढरं महागलं तसं त्यांनी आत निकेल घालायला सुरुवात केली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

स्वयंपाकघराच्या दारातून थोरली म्हणाली, "म्हणजे हाताचा काही संबंध नाही?"

पारख्याने चमकून वर पाहिलं. "मालात असेल ते निघतं, वहिनी. हात कुणाचाही असो."

अंगणातली ठोकाठोक थांबली होती. मधली भिंतीला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून. क्षणभर वाटलं, आता काहीतरी सुटेल. सासूने कप खाली ठेवला.

"आणि माझ्या हातून निघालं ते?" तिने विचारलं. "या गल्लीत माझ्याइतकं कुणाच्या हातून निघालं नाही. माझा नवरा मरेपर्यंत चारचौघांत सांगायचा. तेही मालातलंच होतं का?"

बाईने सगळा जन्म ज्या एका गोष्टीवर काढला होता, तिचा निकाल आता पारख्याच्या तोंडी होता. पारख्याला याच दारात पुन्हा यायचं होतं. शिवाय समोरच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तसं नव्हे हो," तो म्हणाला. "तुमची गोष्ट वेगळी."

भलेपणाने बोललेलं ते एक वाक्य. त्याने सगळं होतं तसं परत जागेवर बसवलं. हात असतो, हे ठरलं. मग मधलीचा हात आटत चालला आहे, हेही आपोआप ठरलं.

यानंतर मधली खोलीतून उठेनाशी झाली. गाळून टाकून द्यायचं पाणी ती पुन्हा उकळायची. त्यात काही राहिलं असेल, आपल्या उतावळेपणाने सुटलं असेल, अशी तिची समजूत. मूस पुन्हा पुन्हा खरवडायची. दाराला आतून कडी घालायची, कुणाची सावली पडू नये म्हणून. 'टांकसाळ' ही हाक बंद झाली होती. पहिला चहा अजून तिलाच मिळत होता, पण तो देताना सासू तिच्याकडे बघत नसे. मधली तो कप घेऊन खोलीत जायची आणि तसाच गार करून परत आणायची.

एका दुपारी जेवायला तिला बोलवायला गेलेली थोरलीची मुलगी परत आली. "काकू ओ देत नाही," म्हणाली.

थोरली दाराशी गेली. त्या दारासमोर उभं राहायची तिला बंदी होती. फटीतून येणाऱ्या वासाने तिचा घसा आवळला. तिने हाका मारल्या, थापा मारल्या, मग अंगणातला घण उचलून आणला.

"वहिनी, अहो घाणा चढलाय आत! तुम्ही नका..." मधला ओरडला.

तो आपण काय बोललो हे समजून गप्प होईपर्यंत कडी तुटली होती. मधली भट्टीच्या बाजूला कुशीवर पडलेली होती. श्वास चालू होता, पण फुटक्या भात्यासारखा. थोरलीने तिला काखेत धरून ओढत ओट्यावर आणलं. परत आत जाऊन खिडकीच्या पत्र्यावरही तिने एक घाव घातला. उशीर झाला होता, तरी घातला.

बाळ त्याच संध्याकाळी इस्पितळात झालं. मुलगा होता. रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी मधल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हिची छाती पार भाजल्यासारखी झाली आहे. त्या हवेत हिला पुन्हा बसवलंत तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणायची गरज पडणार नाही." मधला हुंदके देत मान हलवत होता. ते रडणं खरं होतं. घरी आल्यावर त्याने खिडकीचा पत्रा सरळ केला आणि पुन्हा ठोकला.

सासूने मधलीची सेवा केली, नाही कशाला म्हणायचं? मऊ भात भरवला, पाठ शेकली, केस विंचरले. "तुझा दोष नाही गं पोरी," ती म्हणायची. "हात आटतो. माझाही आटला शेवटी." याहून मायेचं बोलणं तिला येत नव्हतं, आणि याहून क्रूर बोलणं त्या घरात कुणी केलं नसेल.

आता शेवटच्या पंगतीला दोघी जावा बसत. मधलीला पोळीचा तुकडा गिळताना मध्ये थांबावं लागे. शेंडेफळाच्या लग्नाची बोलणी समोरच चालू होती. दोन वर्षांनी करायचं म्हणून ठेवलेलं लग्न आता लगेच करायचं ठरलं होतं.

"मला नको एवढ्यात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्या दुपारी ओट्यावरून मधलीला इस्पितळात नेताना तिचे पाय त्यानेच धरले होते.

"तुला कोण विचारतंय?" आई म्हणाली. "भट्टी थंड पडलीय."

मधलीने ताट सरकवलं आणि ती मागल्या दारी गेली. थोरली पाठोपाठ गेली. मधली रडत होती, आणि रडताना तिला धाप लागत होती.

"जाऊबाई, ती आली की मी कायमचीच बाहेर ना?"

"हो. बाहेर. मोकळ्या हवेत."

"मोकळ्या हवेत काय करू मी?"

थोरलीने तिची पाठ चोळली. तिच्या लक्षात आलं, आपण दार फोडून हिला बाहेर काढलं असं आपण समजत होतो. ही अजून आतच आहे. निदान जी अजून आत गेलेली नाही तिला तरी अडवावं, असं तिने ठरवलं.

शेंडेफळासाठी ठरलेल्या मुलीचं घर चार गल्ल्या सोडून होतं. वर चढायला अरुंद जिना, एकच खोली, कोपऱ्यात शिवायला आलेल्या सदऱ्यांचा ढीग. मुलीची आई काजं करत बसली होती. थोरली कोण हे कळल्यावर तिने गडबडीने ढीग बाजूला करून जागा केली.

"मी कुणाला न सांगता आले आहे," थोरली म्हणाली. "मी आले होते असं बोलू नका. पण मी सांगते ते नीट ऐका."

आणि तिने सगळं सांगितलं. तांबडा धूर, पत्रा, सासूचं गेलेलं नाक, मधलीचे जांभळे ओठ, न रडलेलं बाळ, डॉक्टरीणबाईंचं बोलणं. पारखी पहिल्यांदा काय म्हणाला तेही सांगितलं. "हात वगैरे काही नसतं हो. मालात असतं तेच निघतं. ज्यांच्या हातून निघतं त्या बायका मरतात. ज्यांच्या हातून निघत नाही, त्यांना जिवंतपणी कुणी विचारत नाही. तुमची मुलगी देऊ नका."

मुलीच्या आईची सुई थांबली होती. तिने पदराने डोळे पुसले. बाळाचं ऐकून तिला खरंच वाईट वाटलं होतं. मग जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुमच्या जावेच्या हातून पहिल्या घाण्याला किती निघालं होतं?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली.

"नाही, म्हणजे, तिचा आटला," ती बाई म्हणाली. "सगळ्यांचाच थोडाच आटतो? आमच्या हिच्या हाताला यश आहे. हिने लावलेलं रोप मरत नाही बघा. इथं काजं करून करून डोळे जातील पोरीचे, कुणी नावसुद्धा विचारणार नाही. ये गं, दाखव यांना हात."

पडद्याआडून मुलगी आली. पंधरा-सोळा वर्षांची असेल. अंगावर धुवट कपडे, बोटाला शिवताना घालायचं टोपण. ते काढून तिने दोन्ही तळवे थोरलीपुढे धरले आणि श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहू लागली. स्वच्छ, गुलाबी तळवे होते. एकही डाग नव्हता. असे हात थोरलीने आपल्या गल्लीतल्या कुठल्याच सुनेचे पाहिले नव्हते. तिने ते आपल्या हातांत घेतले. ते ऊबदार होते, आणि तिला सोडवेनात.

"चांगला आहे हात," ती कशीबशी म्हणाली. "म्हणूनच सांगते..."

पण आई तोवर उठून खिडकीशी गेली होती आणि खालच्या अंगणातल्या शेजारणीला ओरडून सांगत होती, "ऐकलंत का हो? सासरची थोरली सून स्वतः हात बघायला आली. चांगला आहे म्हणाली!"